परवान्याचा वाफा

परवा आमच्या सुनेनं कुंडीतल्या जास्वंदीचं एक पिवळं पान तोडून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "आई, याला खत कमी पडतंय का?"

माझ्या तोंडून पटकन निघालं, "खालून का वरून?"

ती बघतच राहिली. मग मी तिला समजावलं. पिवळेपणा झाडाच्या बुडाकडच्या जुन्या पानांपासून चढत गेलाय की शेंड्याच्या कोवळ्या पानांपासून उतरत आलाय, हे आधी बघायचं. खताचं त्यानंतर. सांगता सांगता माझाच आवाज मला परका वाटायला लागला. हा प्रश्न माझा नव्हताच. तो बैदजींचा होता, आणि बैदजींना शेवटचं पाहिलं त्याला आता पुष्कळ वर्षं झाली.

लग्न होऊन मी बालाघाटला आले ती साठ सालानंतरची पहिली वर्षं. आमचे हे कचेरीत कारकून होते. आम्ही भाड्याच्या ज्या घरात राहायचो त्याच्या मागच्या अंगणाला कमरेइतकी मातीची भिंत होती आणि भिंतीपलीकडे गजभिये वैद्यांचं अंगण. गाव त्यांना बैदजी म्हणायचं. घराणं मूळचं भंडाऱ्याकडचं. नागपूरला राहून ते वैद्यकी शिकले, नागपूरलाच छप्पन साली दीक्षा घेतली आणि धाकट्या भावाला, मारोतीला, घेऊन इकडे आले. आईवडील लवकर गेलेले. मारोतीला त्यांनीच वाढवलं, त्याचं लग्न करून दिलं. स्वतः मात्र बिनलग्नाचे राहिले.

उंच, हडकुळा माणूस. अंगात पांढरी बंडी, डोक्याला काही नाही. मी त्यांना हसताना पाहिलेलं आठवत नाही. माणूस वाईट नव्हता, पण बोलणं असं की समोरच्यानं दोन पावलं मागे सरावं. रोगी दारात आला की नाव-गाव राहिलं बाजूला, आधी जीभ पाहायचे, मग डोळ्याची पापणी खाली ओढायचे. एखादी बाई पिवळी पडली म्हणून नवरा सांगायला लागला की विचारायचे, "खालून का वरून?" म्हणजे पाय आधी सुजले की तोंड आधी उतरलं. झाडाला आणि माणसाला त्यांचा प्रश्न एकच असे.

माझ्या सासूबाई त्यांचं औषध घ्यायच्या, पण पुडी हातात आली की तिच्यावर पाण्याचे दोन थेंब शिंपडायच्या. विटाळ जायला. एकदा बैदजींनी ते भिंतीवरून पाहिलं. रागावले नाहीत. म्हणाले, "आजी, हे औषध माह्या हातानं कुटलं हाये. सात दिवस खलात होतं. पानी शिंपून माहा हात त्यातून कसा निंगंल?" सासूबाईंनी पुडी पदराखाली घेतली. शिंपडणं त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही, एवढंच की पुढे त्या घरात जाऊन शिंपडायच्या.

बैदजींच्या अंगणात औषधी झाडं होती. अडुळसा, गुळवेल, शतावरी. आणि कोपऱ्यात काटेरी कुंपण घालून एक वाफा, गांजाचा. आता ऐकताना चमत्कारिक वाटेल, पण तेव्हा आबकारी खात्याचा परवाना मिळायचा. पोटाच्या मुरड्याला, झोप उडालेल्याला, दुखण्यानं तळमळणाऱ्याला ते त्याचं औषध करून द्यायचे. मोजकीच झाडं. वर्षातून दोनदा आबकारीचे दरोगाजी येऊन मोजून जायचे. कुणी बैरागी चिलीम हातात घेऊन दाराशी आला की बैदजी आतूनच ओरडायचे, "दुखते का काई? दुखत नसंन तं रस्ता धर!"

त्या वाफ्याची माती ते स्वतः करायचे. पोत्यातलं खत तेव्हा नुकतंच यायला लागलं होतं, ते त्यांनी कधी आणलं नाही. शेणखत, कुजलेला पाला, निंबोळीची पेंड, थोडी राख. माती मुठीत दाबून बघायची, नाकाशी धरायची, पुन्हा टाकायची. झाडं कार्तिकात तुऱ्यावर यायची आणि मग सकाळी उन्हं वर येण्याआधी बैदजी त्यांच्यापुढे उकिडवे बसलेले दिसायचे. पान तोडायचे नाहीत, बोटांवर उलटं करून बघायचे. मी भांडी घासायला मागे आले की कधीकधी आपणहून बोलायचे.

"हे पाहा वहिनी. तुरा भरून राह्यला, आन् खालचं पान पिवळं होऊन गळून राह्यलं. याले भिऊ नोका. मायनं आपल्या अंगचं काढून लेकराले देल्लं, तसं हाये हे. पन शेंड्याचं पान पिवळं पडलं आन् शिरा हिरव्याच राह्यल्या, तं समजा काईतरी अडलं. जमिनीत हाये, पन झाडाले भेटून नाही राह्यलं."

"मग खत द्यायचं ना?"

"तेच तं सारे करतेत. झाड सुकलं का खाऊ घाल. त्याचं पोट भरलं का, हे कोनी विचारत नाही. भूक आन् अजीर्ण, दोनीचा रंग सारखाच दिसते."

मारोती त्यांच्याहून अगदी वेगळा होता. गोल चेहऱ्याचा, गाणारा, येता-जाता आमच्या सासूबाईंची थट्टा करणारा. शहरापासून थोड्या अंतरावर एका ठेकेदाराची मँगनीजची लहान खाण होती. मारोती तिथे दगडात भोकं पाडणाऱ्या मशीनवर होता. संध्याकाळी यायचा तो डोक्यापासून पायापर्यंत काळा होऊन. पापण्यासुद्धा काळ्या. त्याची बायको कौसल्या दारातच पाण्याची बादली घेऊन उभी असायची. बैदजींना ते काम आवडायचं नाही, पण मारोतीला वैद्यकी जमली नाही आणि शेती त्यांच्याकडे नव्हती.

एका पावसाळ्याच्या तोंडी बैदजींनी वाफा पुरता उकरला. माती जुनी झाली म्हणाले. मारोतीनं हौसेनं बैलबंडी जोडली आणि खाणीखालच्या नाल्यातला गाळ आणून टाकला. काळाभोर, लोण्यासारखा मऊ. "दादा, अशी माती साऱ्या जिल्ह्यात भेटनार नाही," तो म्हणाला. बैदजींनी वास घेतला, मान हलवली आणि त्यात आपलं शेणखत, पाला मिसळला. त्या वर्षी पाऊस फार झाला. वाफ्यात पाणी साचून राहायचं.

झाडं वाढली, पण तुरे धरायची वेळ आली तशी बिघडली. शेंड्याची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. खालच्या पानांवर तपकिरी ठिपके, जणू कुणी तपकीर उडवली होती. तुरे फुगेचनात. बैदजींसारखा माणूस, पण पहिल्यांदा तेही चुकले. भूक आहे समजून त्यांनी पेंडीचं पाणी दिलं. चार दिवसांत पानांचे शेंडे जळून वाघनखासारखे खाली वळले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं कौसल्या मला भिंतीवरून सांगून गेली.

मग त्यांनी सगळं थांबवलं. वाफ्याच्या कडेनं चर खणून साचलेलं पाणी काढून दिलं. दोन झाडांच्या बुडाशी विझवलेला चुना घातला, दोन तशीच ठेवली. एक झाड मुळासकट काढून, मुळं धुऊन जुन्या मातीच्या टोपल्यात लावलं. आणि रोज सकाळी बघत बसले. जुन्या मातीतलं झाड सगळ्यांत आधी सावरलं. त्याच्यामागून चुना घातलेली दोन. नुसत्या गाळातली दोन्ही होती तशीच. तेव्हा त्यांनी त्या गाळाची पुरचुंडी बांधली आणि शेतकी खात्याच्या साहेबांकडे नेली. साहेब भला माणूस. त्यांनी ती जबलपूरला तपासायला पाठवली आणि उत्तर आलं तेव्हा स्वतः सायकलवरून सांगायला आले. मी अंगणातच होते.

"वैद्यजी, तुमचं बरोबर होतं. ह्या मातीत कमी काहीच नाही. मँगनीज भलतंच जास्त आहे. खाणीतला दगड धुतलेलं पाणी त्याच नाल्यात येतं. पाणी साचलं, वर तुमचं खत कुजलं, त्यामुळे ते झाडाला जास्तच मिळत गेलं. झाडाला ते चिमूटभर लागतं हो, पण इतकं झालं की विष."

बैदजींनी राहिलेल्या साऱ्या झाडांना चुना दिला. महिन्याभरात वाफा ओळखू येईना. उशिरानं का होईना, तुरे भरले, त्यांचा उग्र वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायला लागला. त्या दिवसांत बैदजी जरा मोकळे बोलायचे. आमच्या ह्यांना हाक मारून त्यांनी झाडं दाखवलीसुद्धा.

आणि त्याच दिवसांत एका दुपारी कौसल्येच्या हातून भांडं पडल्याचा आवाज आला. मी भिंतीशी गेले. मारोती अंगणात उताणा पडला होता आणि हसत होता. कौसल्या त्याला उठवत होती.

"काय झालं ग?"

"काही नाही जी. दारातून मागं सरले आन् पडले. आजकाल असेच पडतेत. आन् हासतेत पाहा कसे. रातीबी हासतेत. काहून हासता म्हनलं तं म्हनतेत, मी कोठं हासून राह्यलो?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मारोतीचं गाणं किती दिवसांत ऐकू आलं नव्हतं. आवाजही बारीक झाला होता, एकसुरी. चालताना तो टाचा टेकवत नव्हता, कोंबड्यासारखा चवड्यांवर चालायचा. गल्लीतली माणसं ते बघून एकमेकांना खुणावत होती. कशाची खूण ते उघडच होतं. बैदजींच्या घरी गांजाचा वाफा, आणि भाऊ विनाकारण हसत, झोकांड्या देत चाललेला.

बैदजी आतून आले. मारोतीला उभं केलं. "माह्याकडं पाहत मागं मागं चाल," म्हणाले. मारोती एक पाऊल मागे गेला आणि कापलेल्या झाडासारखा तसाच कोसळायला लागला. बैदजींनी त्याला धरलं आणि धरूनच उभे राहिले. त्यांची नजर मारोतीवर नव्हती, वाफ्याकडे होती.

"मशीनवर आनखी कोन हाये तुह्यासंगं?"

"बिरजू हाये. तो बिरजूबी हासते दादा. मग मीबी हासतो."

दुसऱ्या दिवसापासून बैदजींनी दवाखाना बंद ठेवला आणि मशीनवरच्या माणसांच्या घरी हिंडले. बिरजू तसाच होता. आणखी एकाचे हात कापायला लागले होते. दोन पोरं नवीन होती, त्यांना अजून काही झालं नव्हतं. बैदजींनी त्या दोघांच्या आयांना बसवून असं काही सांगितलं की पोरं परत खाणीवर गेलीच नाहीत. मग ते ठेकेदाराला भेटले. काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. पण आठवड्यानं ठेकेदाराची जीप आमच्या गल्लीत आली, आणि तिच्यातून आबकारीचे दरोगाजीही उतरले.

अंगणात बाज टाकली. ठेकेदार गोड बोलणारा होता.

"देखिए बैदजी, बात सीधी है. लड़का गांजा पीता है, सारा मोहल्ला जानता है. आप दरोगाजी के सामने इतना भर कह दीजिए कि आपके बगीचे से चुराकर पीता था. मैं उसे चौकीदारी में रख लूँगा. बैठे-बैठे तनख्वाह. नहीं तो ऐसे आदमी का मैं क्या करूँ, आप ही बताइए."

कौसल्या दाराआड उभी होती. ती बाहेर आली. परक्या पुरुषांसमोर ती कधी बोलायची नाही, त्या दिवशी बोलली. "म्हना न दादा. काय बिघडते? चोरलं म्हना. ह्याईले आता कोन काम देनार हाये?"

बैदजींनी कौसल्येकडे पाहिलं. मला वाटलं, म्हणतील. मनातून मलाही वाटत होतं, म्हणावं त्यांनी. पोटाशी तान्हं होतं माझ्या, आणि कौसल्येलाही दिवस गेलेले होते.

मग ते दरोगाजींकडे वळले. "साहब, हा माहा भाऊ. यानं माह्या बगीच्यातून चोरलं, असं धरून चाला. बिरजूचा भाऊ बैद नाही. बिरजूनं कोनाच्या बगीच्यातून चोरलं? तिसऱ्याचे हात कापतेत, त्यानं कोनाचं? आज मी हौ म्हनलं तं ते तिघंबी उद्या गंजेडी ठरतीन, आन् मशीनवर चौथा उभा राहीन."

ठेकेदार उठला. दरोगाजी चांगले गृहस्थ होते, वर्षानुवर्षं येत होते. त्यांनी मान खाली घातली. "बैदजी, शिकायत लिखित में है. परवाना मैं नहीं बचा पाऊँगा. फ़सल उखड़वानी पड़ेगी."

"उखडाले मानूस कायले? मीच उखडतो."

आणि त्यांनी उखडलं. चुना देऊन, रोज सकाळी समोर बसून वाचवलेली ती झाडं, ऐन तुऱ्यात आलेली, एकेक करून मुळासकट ओढून काढली. मुळाची माती झाडायची त्यांना सवय होती. त्याही दिवशी प्रत्येक झाड झटकून, माती वाफ्यात पाडून, मग ते ढिगावर टाकत होते. दरोगाजींच्या शिपायानं रॉकेल ओतलं. ओलं होतं, जळायला संध्याकाळ झाली. मारोती बाजेवर बसून सगळं बघत होता आणि हसत होता.

पुढे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि बैदजी मारोतीला नागपूरला घेऊन गेले. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मारोतीला मागे चालवून पाहिलं, सुई टोचून पाहिली, आणि बैदजी जे म्हणत होते तेच सांगितलं. खाणीतल्या मँगनीजची धूळ छातीतून अंगात गेली आणि मेंदूत बसली. परतल्यावर मी विचारलं, "काही औषध दिलं का?"

त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून घडी केली. ती मोडून पुन्हा केली. "झाडाले मी चुना देल्लो, वहिनी. झाड वाचलं. याले काय देऊ? तिथपर्यंत चुना पोचत नाही."

मग म्हणाले, "त्या वाफ्यापाशी मी रोज सकाळी बसत होतो. पान उलटं करून पाहत होतो. हा मागून माह्यासाठी चहा घेऊन येत होता. कप कसा धरते हे नाही पाह्यलं."

डॉक्टरांचा कागद घेऊन त्यांनी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. आमच्या ह्यांनीही जमेल तेवढी मदत केली. पण तोवर ठेकेदारानं खाण बंद केली, मशीन उचललं आणि तो कुठे गेला कुणाला कळलं नाही. बिरजू पुढच्याच उन्हाळ्यात गेला. विहिरीवर पाणी काढताना मागे सरला आणि पडला, एवढंच. बैदजींनी ज्या दोन पोरांना खाणीवर जाऊ दिलं नव्हतं, ती मात्र धड राहिली. त्यातला एक पुढे राजेगावच्या बसवर कंडक्टर होता. बैदजी कधी त्याच्या बसमध्ये बसले की तो पैसे घ्यायचा नाही, आणि बैदजी पैसे सीटवर ठेवून उतरायचे.

रोगी कमी झाले. परवाना गेलेला बैद, त्यात गांजाचं नाव लागलेलं. मुरड्याचं औषध नाही, झोपेचं नाही. कौसल्येला मुलगी झाली. ती बिड्या वळायला लागली. घरात तिघं मोठी माणसं होती, पण कौसल्या दोन-अडीच वर्षं बैदजींशी बोलली नाही. ताट वाढून समोर सरकवायची आणि आत जायची. एकदा मात्र मी तिथे असताना बोलली. "दादा, तुमचं खरं राह्यलं. आमच्या चुलीचं काय?" ताटातली अर्धी भाकरी बैदजींनी मोडून मुलीपुढे ठेवली आणि उरलेली पाण्याशी खाल्ली.

त्या वाफ्यात त्यांनी पुन्हा काही लावलं नाही. गाळ उपसून लांब नेऊन पुरला, तरी नाही. तुळससुद्धा नाही. पण लोक आपली आजारी रोपं घेऊन यायचे, वांग्याची, मिरचीची, पपईची. तेवढं त्यांनी कधी नाकारलं नाही. पान बोटांवर उलटं करायचे, आणि तेच विचारायचे.

सत्तर सालानंतर ह्यांची बदली छिंदवाड्याला झाली. निघायच्या सकाळी सामान रिक्षात चढत होतं, आणि मी निरोप घ्यायला भिंतीशी गेले. थंडीचे दिवस होते, अंगणात कोवळं ऊन पडलं होतं. मारोतीला पाटावर बसवून त्याच्या पाठीला भिंतीचा टेका दिला होता. तोंडभर साबणाचा फेस. बैदजी समोर उकिडवे बसून त्याची दाढी करत होते. केस सगळे पांढरे झालेले, हात मात्र स्थिर. मारोतीच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, गाल वर ओढले गेले, आणि बैदजींनी वस्तरा उचलून धरला.

"हासू नोको रे," ते हळूच म्हणाले, "लागंल तुले."

मारोतीला थांबता येत नव्हतं. बैदजी वस्तरा तसाच हवेत धरून, त्याच्या तोंडाकडे बघत, हसू उतरण्याची वाट पाहत बसले. बाहेरून ह्यांनी हाक मारली, रिक्षावाला घाई करत होता. मी हात जोडले, पण त्यांनी मान वर केली नाही. मी निघाले तेव्हा ते तसेच थांबलेले होते.